कोंडवाड्यातली पांढरी बकरी

"साहेबांनी पासपोर्ट काढून घेतलाय, ताई. संध्याकाळच्या विमानात बसवतायत," महादू म्हणाला आणि दगडी भिंतीला टेकून मटकन बसला.

रास अल खैमाच्या डोंगरातल्या गावातला हा बलदियाचा, म्हणजे नगरपालिकेचा, जुना कोंडवाडा. उंच भिंत, फळ्यांचं एकच फाटक. चढ इतका खडा, की गाडी कधी वर यायची, कधी पायथ्याशीच थांबायची. भटकी जनावरं इथे कोंडायची, मालकाने सोडवून न्यायची. काल पकडलेली एका अरबाची पांढरी बकरी सकाळी आत नव्हती. कुलूप मात्र जसंच्या तसं.

विनिताने पर्स छातीशी धरली. इथला राखणदार महादू तिच्या नवऱ्याच्याच कंपनीच्या व्हिसावर साताऱ्याहून नुकता आलेला. पण माणसाचा काय भरवसा? दुबईत अल मनखूलला शेजारणीकडे ठेवलेली लेक तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

"किल्ली याच्याकडेच ना?" ती कुजबुजली.

खासगी तपास करणारी तिची मावसबहीण, उर्मिलाताई, नुसतं "हं" म्हणाली. "काल काय झालं, महादू?"

"तापाने फणफणलो होतो. जनावरं पकडून आणणाऱ्या पिकअपवाल्या पठाणाची, हमदुल्लाची, हाक आली. खोलीतूनच विचारलं, बकरी लाया? तो ओरडला, 'गाडी खाली है!' आणि गेला. मग उठून कुलूप घातलं."

"आत पाहिलंस?"

"डोळे उघडत नव्हते, ताई."

फाटकाशी उभ्या हमदुल्लाने नजर वर केली नाही. "मैंने इसको उसी वक्त बोल दिया था. और क्या बोलूँ?"

"रास्ते में कहाँ रुके?" उर्मिलाताईने विचारलं.

"रोशनसाब की साइट पर. चाय पिया."

"हाच! बघ कसा नजर चोरतोय," विनिता म्हणाली.

शेजारी व्हिला बांधणारा कंत्राटदार रोशन थंडगार पेप्सी घेऊनच आला. "अहो वहिनी, संध्याकाळी मी स्वतः फाटकाच्या फटीतून पाहिली! पांढरी, गळ्यात निळी दोरी. या महादूनेच विकली. भिंत पाडा म्हणून बलदियाला किती सांगितलं, माझा रस्ता अडलाय. पण कोंडवाडा वापरात आहे म्हणे, हात लावायचा नाही!"

उर्मिलाताईने हमदुल्लाला विचारलं, "नीली रस्सी किसकी?"

"मेरी. पकड़ा तब बाँधी."

बलदियाचे साहेब आल्यावर तिने सगळ्यांना भिंतीच्या सावलीत बोलावलं. साहेबांसाठी ती मधूनमधून हिंदीत सांगत होती.

"महादू, 'गाडी खाली है' म्हणजे तू काय समजलास?"

"गाडी पायथ्याला आहे. बकरी आत सोडून हा तिकडे चाललाय."

"मग त्यात काय?" विनिताला कळेना.

"अगं विनू, पठाण मराठी कुठे बोलतोय? हिंदीत खाली म्हणजे रिकामी!"

हमदुल्लाने कपाळ पुसलं. "चाय के बाद देखा, बकरी नहीं थी. भाग गई समझा. डर गया, साब."

"म्हणजे बकरी कोंडवाड्यात आलीच नाही. मग रोशनराव, फटीतून काय पाहिलंत?"

"अं... उजेड कमी होता, बाई."

"दोरी बरी निळी दिसली! ती पकडल्यावर बांधलेली, आणि त्यानंतर गाडी थांबली फक्त तुमच्या साइटवर. कोंडवाडा बदनाम झाला की बंद. बंद झाला की भिंत पाडायला तुम्ही मोकळे."

रोशन हसायला गेला, पण हसू गालातच अडकलं.

"जिवंत आहे ना ती?" विनिता ओरडलीच.

त्याची नजर साइटवरच्या पत्र्याच्या कंटेनरकडे गेली. हमदुल्ला धावला. दार उघडताच बकरीने त्याला शिंगावरच घेतलं.

साहेबांनी खिशातून पासपोर्ट काढून महादूच्या हातात ठेवला. मग तोच रिकामा हात रोशनपुढे धरला.

"यल्ला, चलो. अब तुम्हारा पासपोर्ट."