खुणेचा अर्थ

उत्तरपत्रिका तपासणं म्हणजे डोळ्यांचा चुराडा आणि जिवाला वैताग, असं बाई दरवर्षी म्हणायच्या आणि दरवर्षी सगळ्यांच्या आधी येऊन खिडकीजवळची खुर्ची धरायच्या. त्या दिवशीही तसंच झालं. लांबच लांब टेबलं, भिंतीशी लावलेले गठ्ठे, डिंकाचा आणि कागदाचा वास. दुपारचे तीन वाजले होते. पंख्याची घरघर आणि पानांची सळसळ सोडली तर खोली शांत होती.

विषय बाईंच्या हातखंड्याचा. एकोणिसाव्या शतकातली अमेरिकन कादंबरी, तिच्यातली प्रतीकं आणि नीती. तीस वर्षं त्यांनी तेच शिकवलं होतं, त्यावर पुस्तकही लिहिलं होतं. जंगल म्हणजे मनातला काळोख, जुनं घर म्हणजे पिढ्यांचं पाप, हे सगळं त्या झोपेतही सांगू शकल्या असत्या. पण छातीवर पापाची खूण शिवायला लावून गावाने वाळीत टाकलेल्या कादंबरीतल्या स्त्रीवर बोलायला लागल्या की मागच्या बाकांवरची टवाळकीसुद्धा थांबायची. "पाप तिचं नव्हे, बोट दाखवणाऱ्याचं," असं म्हणताना त्यांचा गळा भरून यायचा. मुलींना वाटायचं, बाई किती हळव्या.

हळवेपणा कसला! पंधराव्या वर्षी त्यांनी स्वतःच बोट दाखवलं होतं. त्यांची थोरली बहीण, एकोणीस वर्षांची, घरी न सांगता कुणाला तरी भेटायची. एकदा दोघी बहिणींचं कडाक्याचं भांडण झालं आणि धाकटीने भरल्या पानावर वडिलांना सगळं सांगून टाकलं. वडिलांनी त्याच संध्याकाळी थोरलीला दाराबाहेर काढलं. तिसऱ्या दिवशी ती कालव्यात सापडली. सांगितलं कुणी, हे घराबाहेर कधीच गेलं नाही. आता तर त्या घरातलं बाईंखेरीज कुणी उरलंही नव्हतं.

विसावी उत्तरपत्रिका हातात घेतली तेव्हा ती जड लागली. पानं फुगलेली होती, कडा वेड्यावाकड्या झाल्या होत्या, जणू भिजून वाळली असावी. उघडताच शेवाळाचा वास आला. बाईंनी नाकाला पदर लावला. पहिली दोन उत्तरं बेताची होती, अक्षर मात्र सुबक. तिसरा प्रश्न होता, समाजाने लादलेल्या पापाच्या खुणेचा अर्थ स्पष्ट करा. दोन ओळी इंग्रजीत होत्या. मग उत्तर एकदम घरच्या भाषेत उतरलं होतं.

'खुणेला अर्थ गावाने दिला असं आम्हाला शिकवतात. पण गावाला सांगितलं कुणी? सांगणारी पानावर बसली होती. तिने आधी पाणी पिऊन घेतलं, मग तोंड उघडलं. बाबांकडे नव्हे, माझ्याकडे बघत सांगितलंस तू, ठमे.'

लाल पेन जागच्या जागी थांबलं. त्यांना ठमी म्हणणारं माणूस जगात एकच होतं, आणि त्याला जाऊन पंचेचाळीस वर्षं झाली होती.

खाली शेवटची ओळ होती. 'पाणी फार गार होतं. आता मला किती गुण देतेस?'

"काय बाई, कुणी कविताबिविता लिहिलीय की काय?" मुख्य परीक्षक चहाचा कप घेऊन मागे उभे होते.

बाईंनी पानावर पंजा ठेवला. "परीक्षकाला उद्देशून... काहीबाही लिहिलंय, सर."

"मग नियमाने अहवाल द्यावा लागेल. पेपर रद्द, म्हणजे लिहिणाऱ्याचं वर्ष गेलं." ते जरा वाकले, आवाज खाली आला. "नाहीतर त्या प्रश्नाला शून्य द्या आणि पान उलटा. मी काही पाहिलं नाही."

वाट मोकळी होती. पण उद्या कुणी फेरतपासणी मागितली, दुसऱ्या कुणी हे वाचलं तर? अहवाल दिला की पत्रिका पाकिटात बंद होणार होती. बाईंनी समोरचं भांडं उचललं, पाणी प्यायल्या, आणि म्हणाल्या, "अहवालच देते."

चौथ्या दिवशी चौकशी समितीपुढे ती उत्तरपत्रिका लिहिणारी मुलगी आली. किडकिडीत, काळेभोर केस घट्ट विंचरलेले. बाहेरच्या बाकावर तिची आई बसली होती.

"मी हा प्रश्न दोन ओळी लिहून सोडून दिला होता," मुलगी पुन्हा पुन्हा सांगत होती. "शेवटच्या अर्ध्या तासात कुणीतरी माझा हात धरला... गार हात होता. मला सोडवेना."

समितीतले एकजण खाकरले. "अक्षर तुझंच आहे ना, मुली?"

"हो... पण ही ठमी कोण, मला माहीत नाही."

अध्यक्षांनी बाईंकडे पाहिलं. "बाई, तुमचा या मजकुराशी काही संबंध?"

"नाही."

मुलगी वळली. "बाई, तुमचं पुस्तक मी तीनदा वाचलंय. तुम्ही तरी सांगा ना यांना."

बाई टेबलाच्या कडेकडे बघत राहिल्या. पेपर रद्द झाला. बाहेर पडताना मुलगी रडत नव्हती, आणि बाईंना तेच सहन झालं नाही.

त्याच संध्याकाळी सहाच्या सुमारास बाईंच्या घरचा फोन वाजला. मुलीची आई होती, नंबर कॉलेजातून घेतला होता म्हणे.

"बाई, रागावू नका... तिथून परतताना पोर वाटेतच माझा हात सोडून गेली होती. आत्ता घरी आली, नखशिखांत भिजलेली. मला आई म्हणेना. म्हणाली, हे माझं घर नव्हे."

"डॉक्टरांना बोलवा..." बाई कशाबशा म्हणाल्या.

"बोलावणार कुणासाठी? निघून गेली. तिच्या बाबांनी अडवलं, तर त्यांच्याकडे अनोळखी माणसासारखं पाहिलं. म्हणाली, सोडा, उशीर झालाय, धाकटी घरी एकटी असेल." पलीकडे हुंदका फुटला. "बाई, आम्हाला धाकटी मुलगीच नाही हो. एकुलती एक ती."

बाईंनी भिंतीला हात टेकला. बाहेर अजून उजेड होता. रस्त्यावर कुणीच नव्हतं.

"आणखी एक सांगू का...?" आईचा आवाज इतका खाली गेला की बाईंनी फोन कानाशी दाबला. "सकाळी मीच तिची वेणी घातली होती. आत्ता पाहिलं तर डोक्यावर एक केस काळा नाही. चालतानाही कमरेत वाकत होती, पासष्टीच्या घरातल्या बाईसारखी..."