ग्राफिक्स कार्डातला वऱ्हाडी

रोशनच्या जुन्या कॉम्प्युटरला शेवटी ग्राफिक्स कार्ड बसलं. लग्नाची फिल्म वेळेत पोचली आणि रोशनचं गोडाऊनला कामाला जाणं टळलं.

आता हे विसरा.

असं काही झालेलं नाही. रोशनच्या खोलीत कसलंही कार्ड बसवलेलं नाही, आणि चटईच्या कडेला कोणीही बसलेलं नाही. कोणी विचारलं तर हेच सांगायचं, असं घरात ठरलंय.

पण घडलं ते शब्दन् शब्द खरं आहे. शपथच हवी असेल तर रोशन कीबोर्डवर हात ठेवून घ्यायला तयार आहे.

शहापूरहून किन्हवलीमार्गे मुरबाडकडे जाताना डाव्या हाताला एक पाडा लागतो. नाव सांगत नाही. तिथल्या पोरापोरींची लग्नं अजून व्हायची आहेत. महिना गेल्या वर्षीचा मे. वेळ भर दुपारची. भुतांना अमावास्येची रात्रच लागते असं ज्यांना वाटतं, त्यांनी मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत दुपारचं बसून बघावं.

रोशन लग्नांचं शूटिंग करतो. म्हणजे तेव्हा नुकताच करायला लागला होता. सुदामकाकांच्या रविनाचं लग्न हे त्याचं पहिलं मोठं काम. रविवारी जावई पहिल्यांदा सासरी जेवायला येणार, तेव्हा अंगणात पडदा लावून फिल्म दाखवायची, असं सुदामकाकांनी अख्ख्या पाड्याला सांगून ठेवलं होतं.

रोशनच्या बापाने, नवसूने, त्यापुढे एक वाक्य जोडलं होतं.

"रविवारी फिल्म नाय दिसली, तर सोमवारपासून भिवंडीच्या गोडाऊनला. माझा बोलना झालाय."

आणि नेमका कॉम्प्युटर अडकला.

हा कॉम्प्युटर आसनगावच्या एका बंद पडलेल्या ऑफिसातून आलेला. कॅबिनेटवर अजून 'अकाउंट्स' असं स्टिकर आहे. हिशोब तो झकास करायचा. व्हिडिओ समोर आला की त्याचा जीव घाबरायचा. त्यातही एक क्लिप तो चालवायचाच नाही. हळदीची.

आमच्याकडे हळदीला धवलारीण बसते. लग्नाची गाणी तीच म्हणते. पण हळद लावायच्या आधी ती घरातल्या मेलेल्या माणसांना एकेक करून नावाने लग्नाला बोलावते. त्यांच्यासाठी मांडवात एक चटई टाकतात. त्या चटईवर जिवंत माणूस बसत नाही, अगदी व्याही आला तरी. लग्न उरकलं की तीच धवलारीण पुन्हा एकेकाचं नाव घेते आणि त्यांना परत लावते. आलात, जेवलात, आता आपल्या घरी जा.

सुदामकाकांकडे धवलारीण होती सकुबाई. पाड्यातली सगळ्यात म्हातारी.

स्क्रीनवर सकुबाई तोंड उघडायची.

"या गो ठमीआये, या मांडवाला..."

आणि तिथेच सगळं थांबायचं. सकुबाईचं तोंड उघडं. मागे रिकामी चटई. मधोमध ते गोल गोल फिरणारं चक्र.

रोज तिथेच. ठमीआयच्या पुढे कोणाचंच नाव येईना.

"ग्राफिक्स कार्ड टाक," शहापूरच्या बाजारातला भाविक म्हणाला. त्याचं जुन्या कॉम्प्युटरच्या सामानाचं दुकान. "पण बघून टाक. जुन्या मशीनला कायपन चालत नाय. सोयरीक जमवायची आहे असं समज."

पहिलं कार्ड बघायला देखणं. दोन पंखे, लाल लाइट. घरी आणलं तर त्याला वीज वेगळी लागत होती, थेट पॉवर सप्लायमधून येणाऱ्या खास वायरची. रोशनच्या पॉवर सप्लायला ती वायरच नव्हती.

"मुलीला स्वतंत्र खोली पाहिजे," रोशनची बहीण दिपाली म्हणाली. "सांग, आमच्याकडं जमणार नाय."

दुसऱ्याला वेगळी वीज नको होती. लांबी तेवढी बघायची होती. टेप सापडेना, म्हणून दिपालीच्या हाताने कॅबिनेट मोजलं. एक वीत आणि चार बोटं. दुकानात भाविकने स्वतःच्या हाताने मोजून दिलं. एक वीत आणि चार बोटं, बरोब्बर. भाविकचा हात कबड्डीवाल्याचा. कार्ड हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यावर जाऊन आपटलं.

तिसऱ्या खेपेला रोशन दिपालीलाच घेऊन गेला. तिने दुकानातल्या सगळ्या कार्डांवर हात ठेवून बघितला.

"ह्या बसल."

लहानसं कार्ड. एकच पंखा. वीज स्लॉटमधूनच घ्यायचं. वापरलेलं. मॉनिटरची जुनी निळी वायर त्याला लागत नव्हती, म्हणून भाविकने मधे एक कन्व्हर्टर दिला.

घरी आल्यावर कार्ड खट्‌कन बसलं. स्क्रीन उजळली. दिपालीने कॅबिनेटला कुंकू लावलं.

रोशनने हळदीची क्लिप लावली.

"या गो ठमीआये, या मांडवाला... या रे कोंडूबाबा, या मांडवाला..."

लोण्यासारखी चालली.

दोन दिवस रोशन त्याच क्लिपवर बसून होता. गाणं आणि चित्र जुळवायचं. मागे न्यायचं, पुन्हा वाजवायचं. अर्धा सेकंद कापायचा, पुन्हा वाजवायचं.

"किती बोलावशील रे?" चुलीपाशून दिपाली ओरडली. "येतील ना ती!"

रोशन हसला.

मग त्याच्या लक्षात आलं...

सकुबाईने नाव घेतलं की कार्डाचा पंखा मंदावत होता.

नाव संपलं की पुन्हा फिरत होता. कोणीतरी दम खात आत यावं तसा.

ठमीआय... पंखा मंद.

कोंडूबाबा... पंखा मंद.

गरम झालं असेल, रोशन म्हणाला. मोठ्याने म्हणाला. ऐकायला खोलीत कोणी नव्हतं.

दारात कुत्रा झोपायचा. तो नव्हता. बाहेर कोंबड्या नव्हत्या. चुलीपाशची दिपालीची बडबडसुद्धा बंद झाली होती.

त्याने क्लिप थांबवली. चित्र मोठं केलं.

मांडव. सकुबाई. मागे चटई.

शूटिंग त्याने स्वतः केलं होतं. चटई रिकामी होती...

आता ती मधोमध दबलेली होती.

पुन्हा लावली. दबलेल्या जागी हिरवं लुगडं. पुन्हा लावली. लुगड्यात एक म्हातारी, मांडी घालून. तिच्याशेजारी धोतरातला माणूस, कानावर विडी.

रोशनने कोंडूबाबाला कधी बघितलं नव्हतं. पण सुदामकाकांच्या भिंतीवर त्याचा फोटो आहे.

कानावर विडी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोशन भाविकच्या दुकानात.

"हे कार्ड कोणाचं होतं?"

"आसनगावच्या पोराचं. गेम खेळायचा."

"तो कुठाय आता?"

भाविकने मान खाली घातली. "गेला रे."

रोशनने चहा खाली ठेवला. "...कधी?"

"परवा सकाळी. पुण्याला. नोकरी लागली त्याला. नवीन कार्ड घेणार म्हणून हे दिलं. का, चालत नाय काय?"

"चालतंय," रोशन म्हणाला. "जास्तच चालतंय."

तो घरी आला. दिपाली दारात उभी होती. तिला सगळं सांगितलं. ती हसली नाही. ती हसली नाही, याचीच रोशनला जास्त भीती वाटली.

दोघं खोलीत गेली, दार ओढून घेतलं. आणि लाइट गेली.

स्क्रीन काळी. पंखा बंद. पत्रा तापून कडकडत होता, तोही थांबला.

मग...

"या गो ठमीआये..."

बारीक आवाज. स्पीकरमधून नाही. खोलीतून.

बांगड्यांचा आवाज. खोकल्याचा. आणि काहीतरी उलगडत गेल्याचा, सर्रकन.

दिपालीने दार ढकललं. ऊन आत आलं.

कोपऱ्यात गुंडाळून उभी ठेवलेली चटई जमिनीवर पसरलेली होती.

"तू टाकलीस?"

"मी तुझ्याजवळच उभी होती ना रे!"

लाइट आली. कॉम्प्युटर आपोआप सुरू झाला. चटई तशीच. मधोमध दबलेली.

सकुबाईला आणायला दिपाली गेली. म्हातारी आली, स्क्रीनकडे बघितलं, आणि जुनी ओळख असल्यासारखी मान हलवली.

"ही तर रविनाची आजी, ठमी. हा कोंडू. मी तर लावली होती ना यांना परत."

"हो."

"मंग यात परत लावलेला कुठाय?"

रोशन माउस इकडेतिकडे फिरवायला लागला.

"कुठाय रे?"

"कापला, आजी. लांब होत होता. डिस्कमधे जागा पन नव्हती. हायलाइट्स आहेत ना."

"बोलावना ठेवलास, आन परत लावना कापलास?"

रोशनने मान डोलावली.

"आन बोलावना किती येला वाजवलास?"

"मोजला नाय."

सकुबाईने कपाळावर हात मारला. "तुला कोनी सारखा सारखा जेवायला बोलावला, आन जायच्या टाइमाला दार लावून घेतला, तर तू काय करशील?"

"बसून राहीन," रोशन म्हणाला.

"तेच करतात ती."

सकुबाई कॉम्प्युटरसमोर बसली. कॅबिनेटवर मूठभर तांदूळ ठेवले, 'अकाउंट्स'च्या स्टिकरवर. आणि तिने परत लावायचं गाणं म्हटलं.

"आलीस, बसलीस, जेवलीस, आता जा गो ठमीआये..."

पंखा मंदावला. पुन्हा फिरला.

हिरवं लुगडं गेलं.

"जा रे कोंडूबाबा, वाट उजळ हाय..."

कोंडूबाबा गेला. मग पुढचा. मग त्याच्या पुढचा. जाता जाता कोणीतरी स्पीकरमधून ढेकर दिला. दिपालीला हसू आलं आणि तिने तोंडात पदर कोंबला.

नावं संपली. सकुबाईने तांदूळ झटकले. पंखा एकसारखा फिरायला लागला.

रोशनने डोळे पुसले. चित्र बघितलं.

चटई...

रिकामी नव्हती.

अगदी कडेला एक पोरगा बसलेला. काळा टीशर्ट. कानाला मोठे हेडफोन. मांडीवर बॅग घट्ट धरलेली, स्टँडवर गाडीची वाट बघणाऱ्यासारखी. नजर मांडवाच्या दाराकडे.

"हा कोन?" सकुबाई म्हणाली.

"तुमाला नाय माहीत?"

"हा आपला नाय." तिने स्क्रीनवर बोट टेकवलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं. "ह्याला मी बोलावला नाय. पन बोलावना चालू होता, दार उघडा होता. आला."

"मग लावा ना परत."

"नावाशिवाय कसा लावू? नाव सांग."

रोशनने त्या हेडफोनकडे आणि बॅगेकडे बघितलं, आणि भाविकला फोन लावला. स्पीकरवर टाकला.

"भाविक, त्या पोराचं नाव काय?"

"कुठल्या?"

"आसनगावच्या. कार्डवाल्या."

"नाव... नाव कोन विचारतो रे? गेममधलं नाव माहितीय. डेव्हिल डॉन बावीस."

"खरं नाव!"

"सगळी त्याला डॉन म्हनतात. नंबर देतो, तूच विचार."

नंबर बंद होता. संध्याकाळी बंद. दुसऱ्या दिवशी बंद. आजही बंद आहे. पुण्यात रेंज असते, असं ऐकून आहोत.

सकुबाई म्हणाली, "आहे त्या नावावर बघू." ती सरळ बसली, पदर डोक्यावर घेतला, आणि जिने आयुष्यभर ठमी, कोंडू, मंगळ्या अशी नावं घेतली त्या बाईने गळा काढला.

"आलास, बसलास, जेवलास, आता जा रे डेविलडान बाईसा..."

पंखा मंदावला.

थांबला.

क्लिप थांबवलेली होती. रोशन सांगतो, त्याचा हात माउसवर नव्हता. तरी...

पोराने मान वळवली. एका कानावरचा हेडफोन बाजूला केला. आपल्यालाच हाक मारली का, असं बघतात तसं त्याने बघितलं. सकुबाईकडे. मग रोशनकडे.

थोडा वेळ वाट बघितली.

मग हेडफोन पुन्हा कानावर सरकवला, बॅग छातीशी घेतली, आणि दाराकडे बघत राहिला.

पंखा पुन्हा फिरायला लागला.

"ह्या नाव त्याच्या आयशीनं ठेवलेला नाय," सकुबाई उठताना म्हणाली. "आयशीनं ठेवलेला नाव पाहिजे." आणि ती गेली. चहाही घेतला नाही.

रविवार आला. फिल्म तशीच दाखवावी लागली. पोरगा कापायला गेलं तर तो दुसऱ्या शॉटमध्ये बसलेला दिसायचा. अंगणात पडदा लागला. जावई, व्याही, सगळा पाडा बसला. नवसू मागे उभा, हाताची घडी घालून.

हळद आली. चटई आली. रोशनने डोळे मिटले.

सुदामकाका पुढे झुकले. "हा हेडफोनवाला कोन? चटईवर बसलाय येडा! तुमच्याकडचा काय ओ?"

व्याही म्हणाले, "आमी तर समजलो तुमचा हाय."

दोन्हीकडचे हसले.

"जेवला का पन तो?" मागून एक बाई म्हणाली.

"जेवला असल. लग्नात कोन उपाशी जातो?"

झालं. एवढंच. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नवसूने हाताची घडी सोडली. गोडाऊनचं नाव पुन्हा निघालं नाही.

रोशनला त्यानंतर बरीच कामं मिळाली. मुरबाडला एक हळद केली. तिथली माणसं वेगळी, मांडव वेगळा, धवलारीणही वेगळी. तिथला परत लावण्याचा सगळा भाग त्याने अखंड ठेवला, एक सेकंद कापला नाही.

घरी येऊन क्लिप लावली...

चटईच्या कडेला. बॅग मांडीवर.

कार्ड काढून टाकावं, असं दिपाली म्हणते. रोशनने एकदा स्क्रूला हात लावला होता. पण कार्ड काढलं तर तो जाईल कुठे, हे कोणालाच सांगता येईना. म्हणून कॉम्प्युटर आता बंद करत नाहीत. लाइट गेली की खोलीतली चटई सर्रकन उलगडते. लाइट आल्यावर बघावं, तर कडेला दबलेली असते. अलीकडे ती दाराच्या दिशेने टाकलेली असते.

तरी मा. शाखा अभियंता, वीज कार्यालय, यांस विनंती की, सदर पत्र्याच्या खोलीचा वीजपुरवठा दुरुस्तीच्या कारणास्तवदेखील खंडित करण्यात येऊ नये. तसेच आसनगाव परिसरात 'डेव्हिल डॉन बावीस' या नावाने खेळणाऱ्या इसमाचे आईने ठेवलेले नाव ज्या कोणत्या खात्याच्या दप्तरी असेल, त्या खात्याने ते श्रीमती सकुबाई यांना, त्या हयात आहेत तोवर, तोंडी कळवण्याची कृपा करावी.

सदर इसमास घरी जायचे आहे.