पाच नंबरचा पेशंट

अकरा वर्षं आयसीयूत काढली की एक खोड लागते. पेशंट बेशुद्ध असला तरी त्याच्याशी बोलत राहायचं, कारण त्याला ऐकू जात असेल, असं आम्हाला शिकवलेलं असतं. उत्तर मात्र कधीच येत नाही. मग काय, आपण मनात येईल ते बोलत सुटतो.

हाडांच्या वॉर्डातला माझा पहिला दिवस. पाच नंबरच्या खाटेवर एकजण डोळे मिटून पडला होता, पाय कप्पीच्या दोरीला टांगलेला. मी दोरीकडे बघत नेहमीसारखी सुरू झाले.

"काका, माझी इथे बदली झालीये, इच्छा नसताना. तीन महिने कसेबसे काढायचे, की फॉर्म भरून परत माझ्या मशीन्सकडे. आणि काय हो, इथला फिजिओ म्हणे भलताच खडूस आहे? पण दिसायला बरा आहे म्हणतात..."

"बरा?" काकांनी एक डोळा उघडला. "नुसता बरा?"

मी अशी किंचाळले की शेजारच्या आजी उठून बसल्या. काका जेमतेम पस्तिशीचे होते.

"कप्पी तपासत होतो," पाय सोडवत तो म्हणाला. "आता खडूस कोण म्हणालं, तेवढं सांगा."

त्यानंतर तो दिसला की मी औषधांच्या कपाटात तोंड घालायची. पण पळणार किती? आयसीयूत माझ्या हाताखाली सहाजणी शिकल्या होत्या, आणि इथे मला साधा वॉकर नीट धरता येईना.

"सिस्टर," शेजारच्या आजी एकदा म्हणाल्या, "तुम्ही मला धरलंय, की मी तुम्हाला?"

मागून तो हसला. मग माझे हात आजींच्या कमरेशी कुठे हवेत, ते त्याने दाखवलं. गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ...

"कळलं," मी म्हणाले.

"मला नाही वाटत," तो म्हणाला. "उद्या पुन्हा बघू."

महिन्याभराने त्या आजी स्वतःच्या पायांनी लिफ्टपर्यंत गेल्या. वळून मला दटावलं, "नीट जेवत जा!" आणि मला रडूच फुटलं. आयसीयूतला पेशंट बरा झाला की त्याला दुसरीकडे हलवतात. अकरा वर्षांत मी कुणाला चालताना पाहिलंच नव्हतं.

तीन महिने संपले. फॉर्म आला. नव्या विभागात कितपत समाधानी, एक ते पाच. परत जायचंय का, हो किंवा नाही.

"काय लिहू?" मी त्याला विचारलं.

"फॉर्म तुमचा आहे." त्याने मान वर केली नाही. "मी 'राहा' म्हणालो आणि उद्या वॉर्डाचा कंटाळा आला, तर भांडाल माझ्याशी."

मला असा राग आला! आठवडाभर आम्ही फक्त पेशंटबद्दल बोललो. मला करमेना.

आज दुपारी पाच नंबरची खाट रिकामी झाली. चादर बदलायला गेले, तर हा तिथे आडवा. डोळे मिटलेले.

"मी बेशुद्ध आहे," तो म्हणाला. "तुम्ही बोला."

मी त्याचं मनगट धरलं. घड्याळाकडे बघत बोलायला लागले.

"काका, फॉर्म मी केव्हाच दिलाय. समाधान पाच. परत जायचं नाही. त्या आजी चालत गेल्या, त्याच दिवशी ठरवलं होतं. म्हणजे राहतेय ती वॉर्डासाठी, तुमच्यासाठी नाही." मी ठोके मोजत राहिले. "तुमच्यासाठी मी कुठल्याही वॉर्डातून आले असते. तुम्ही मला फार आवडता... आणि तुमची नाडी एकशेवीस आहे."

"तुम्ही धरल्यापासून," डोळे मिटूनच तो म्हणाला. "खरं तर कप्पी तपासली, त्या दिवसापासून. मला 'काका' सोडून काहीही म्हणाल का? जन्मभर?"

"सिस्टर!" दारातून मेट्रन ओरडल्या. "पाच नंबर रिकामा झाला का? नवा पेशंट आलाय!"

"दोनच मिनिटं, मेट्रन," मी म्हणाले. मनगट अजून माझ्याच हातात होतं. "या पेशंटला आत्ता कुठे शुद्ध येतेय."