मशरूममध्ये दिसणारा भाऊ

"ते मशरूम खाल्लं की भूषण दिसेल ना गं?"

चहा घेऊन आलेल्या नीलमला लीलावतीबाईंनी विचारलं. भूषण गेल्यापासूनच्या तीन वर्षांत आईच्या डोळ्यांत पहिल्यांदाच उजेड आला होता... आणि तोही त्याच्यासाठीच! चुलतभाऊ प्रथमेशने फोनवर सांगून ठेवलं होतं, की परदेशात दुःखातून बाहेर न येणाऱ्या माणसांवर मशरूममधल्या औषधाचे प्रयोग चाललेत, काहींना म्हणे गेलेलं माणूस भेटतं. "कुठून तरी मिळवून पाठवतो, काकू," असंही तो म्हणाला होता. मेलेल्या भावाचा मत्सर करणं नीच आहे हे नीलमला कळत होतं. तरी तो मत्सर तिला रोज आतून जाळत होता. वाढायचं हिने, गोळ्या द्यायच्या हिने, आणि भेट हवी त्याची...

बँकेतून अर्ध्या दिवसाची रजा काढून तिने आईला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. ते स्पष्टच बोलले, "रिसर्च चल रही है, माताजी. वहाँ भी डॉक्टर साथ बैठता है. यहाँ इजाज़त नहीं है, ऊपर से आपकी दिल की दवा चल रही है. घर पर बिलकुल नहीं." मग कागद ओढून त्यांनी विचारलं, "घर में और कौन है?"

"कोई नहीं," लीलावतीबाई म्हणाल्या.

नीलम शेजारच्याच खुर्चीत बसली होती.

परतताना ई-रिक्षा घराकडे, तेलीबागेकडे वळली आणि तिचा बांध फुटला. "कोई नहीं? मग मी कोण, आई? बाबा गेले तेव्हा त्यांच्या जागेवर लागायला माझा अर्ज तयार होता. तू म्हणालीस, पोराचं मार्गी लागू दे. मी ना-हरकत पत्रावर सही केली, हूं की चूं केलं नाही. नोकरी त्याला, तू त्याला... आणि आता मेल्यावरही तोच?"

लीलावतीबाई बाहेरच बघत म्हणाल्या, "त्याच नोकरीवर जाताना ट्रकने उडवलं त्याला. तुझ्या तोंडचा घास काढून मी त्याला मरायला पाठवलं. तुझ्याकडे बघितलं की ती सही दिसते, नीलू. त्याला भेटून एवढंच विचारायचं होतं... तुझ्या ताईशी आता कोणत्या तोंडाने बोलू."

"मला विचारायचं ना. मी जिवंत आहे."

"माफ करशील?"

"नाही. इतक्यात नाही."

"नको करूस. पण अशी भांड माझ्याशी. गप्प राहतेस ना, ते सोसवत नाही."

नीलमला हुंदका आवरेना. पहिल्या पगारात चौकातून तिच्यासाठी चिकनकारी भरतकामाचा कुर्ता आणणारा, आणि "ताई, दुकानदार बोला यही साइज़ है" म्हणत अडून बसणारा भूषण आज तिच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. तीन वर्षं मत्सराने तिला रडूही दिलं नव्हतं.

"केवढा मोठा होता गं तो कुर्ता," ती कशीबशी म्हणाली.

"दोघी मावलो असतो त्यात," आई म्हणाली, आणि तिने लेकीचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं.