रिकाम्या खाचेतला दिवा

सेवेरो चोकेची मिनीबस गॅरेजच्या दारात थांबली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि रुफिनाच्या हातात सूपचा वाडगा होता. तिने मान वर करायचीही तसदी घेतली नाही. इंजिन मिसिंग मारतंय हे आवाजावरूनच कळत होतं.

"वहिनी, हिला काय झालंय बघा ना! झटके खातेय नुसती. आणि मीटरमधला हा इंजिनाचा पिवळा दिवा सकाळपासून माझ्यावर डोळे वटारून बसलाय."

सेवेरो तिच्या नवऱ्याचा, तेओफिलोचा, जुना मित्र. ला पाझहून घाटमाथा ओलांडून खाली युंगासच्या जंगलात गाड्या नेणारे दोघे. तीन वर्षांपूर्वी धुक्यात, ऐन चढावर, तेओफिलोचं इंजिन बंद पडलं आणि गाडी मागे सरकत दरीत गेली. तेव्हापासून दिवा जळत असलेली गाडी रुफिना दाराबाहेर जाऊ देत नसे. गिऱ्हाईक कितीही तणतणलं तरी.

"आज भाड्याची फेरी नाही," सेवेरोचा आवाज उतरला. "खाली युंगासमध्ये माझ्या लेकीला, डेल्फिनाला, कळा सुरू झाल्यात. बाळ आडवं आहे म्हणे. आजच्या आज वर ला पाझला आणा, असं डॉक्टरांनी सांगितलंय. खालची एकुलती रुग्णवाहिका बाहेर गेलीय."

रुफिनाने वाडगा बाजूला ठेवला.

बॉनेट उघडल्याबरोबर आंबूस वास आला. तिने चालू इंजिनाच्या प्लगची एकेक वायर काढून पाहिली. पहिली काढली, इंजिन कण्हलं. दुसरी काढली, पुन्हा कण्हलं. तिसरी काढली तरी आवाजात काडीचा फरक पडला नाही. इंजिन बंद करून तिने तिसऱ्या प्लगच्या खोबणीत बोट घातलं आणि वास घेतला.

"बिअर?"

"काल गाडीची चाल्ला केली," सेवेरो ओशाळला. गाडी सुखरूप राहावी म्हणून तिला फुलं वाहून बिअर शिंपडायची, ही इथली जुनी रीत. "भूमातेला दिली, चाकांना दिली. मग म्हटलं, ओझं तर इंजिनच वाहतं..."

"म्हणून अख्खी बाटली ओतलीत? अहो भावजी, तहान तुम्हाला लागते, इंजिनाला नाही!"

दोघेही हसले. तिने हवा मारून खोबणी सुकवली, नवा प्लग बसवला. इंजिन असं चालू लागलं, की वर ठेवलेला पानासुद्धा हलेना. गाडीच्या कॉम्प्युटरमधली जुन्या बिघाडाची नोंद पुसावी म्हणून तिने फ्यूज काढला, दहा मिनिटांनी परत लावला.

पिवळा दिवा जळतच होता.

तिने पेट्रोलचा पाइप तपासला. ऑइल पाहिलं, वायरी पाहिल्या, एकेक जोड हलवून पाहिला. कुठेच काही नव्हतं. वीस वर्षं या कामात घालवलेली बाई, पण आता तिला काही सुचेना. बाहेर धुकं उतरायला लागलं होतं. समोरचं पावाचं दुकान बघता बघता दिसेनासं झालं.

"तो बल्बच काढून टाका ना, वहिनी. सगळेच काढतात..."

रुफिनाने फळीकडे पाहिलं. तेओफिलोच्या गाडीचा बल्ब तिनेच काढला होता. दिवा जळत असता तर तपासणीत गाडी नापास झाली असती. तपासणी झाली की परत लावायचा, हे विसरू नये म्हणून तिने रिकाम्या खाचेला हिरव्या लोकरीची गाठ मारून ठेवली होती. आणि ती विसरली. हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. तो बल्ब अजून फळीवरच्या गोळ्यांच्या डबीत होता.

"काढत नाही," ती म्हणाली. "पण मागे काय चाललंय ते बघते."

तिने समोरचा मीटर सोडवला, अर्धा बाहेर ओढला आणि मागे बॅटरीचा उजेड पाडला. पिवळ्या दिव्याच्या खाचेत बल्ब नव्हता. खाचेभोवती मळकी हिरवी लोकर होती, दुहेरी गाठीची.

"भावजी... हा मीटर कुठून आणलात?"

"जुना बिघडला होता. रविवारच्या बाजारात, भंगारातून उचलला. का हो?"

तिने मीटर आपल्याकडे फिरवला. समोरून दिवा जळत होता. परत उलटा केला. खाच रिकामी होती.

ती उठली आणि डबी घेऊन आली. मण्याएवढा तो बल्ब तिच्या बोटांतून दोनदा खाली पडला. शेवटी खाचेत बसवला, आणि दिवा विझला.

"गेला ना दोष!" सेवेरो मीटर ठोकून बसवायलाही लागला. "देव तुमचं भलं करो, वहिनी." घाटातल्या कुत्र्यांसाठी घेतलेली पावाची पिशवी त्याने सीटवर टाकली. वळणावळणावर उभ्या असलेल्या त्या कुत्र्यांना पाव टाकल्याशिवाय इथला कोणी ड्रायव्हर पुढे जात नाही. "वाटेत थांबू नका" म्हणावं की "जाऊच नका" म्हणावं, हे रुफिनाचं ठरेपर्यंत गाडी धुक्यात गेली.

रुफिना बराच वेळ दारात उभी होती. गाडी ठीक आहे, दिवा विझलाय, आपण इतक्या वर्षांनी का होईना बल्ब परत लावला, असं ती स्वतःला समजावत राहिली. तासाभराने तिने पसारा आवरायला घेतला. रिकामी डबी उचलली.

डबी खुळखुळली.

झाकण उघडलं तर आत तोच बल्ब होता. तळहातावर घेतला तेव्हा तो गरम लागला. आणि मग, ना तार ना बॅटरी, तिच्या तळहातावर तो पिवळा पेटला.

तिने दुसऱ्या हाताने कसाबसा फोन लावला.

"घाटमाथा आलाच, वहिनी!" सेवेरो खुशीत होता. "गाडी लोण्यासारखी चाललीय. दिवा विझलेलाच आहे, काळजी नको."

"भावजी, थांबा! आहात तिथेच थांबा."

"अहो, पण का? दिवा तर..."

"दिव्याचं सोडा. बल्ब इथे आहे... माझ्या हातात... जळतोय."

पलीकडे कुत्री भुंकायला लागली, एक, दोन, मग कितीतरी, आणि फोन तुटला.

त्याच क्षणी हातातला दिवा विझला. सेवेरो थांबला म्हणून विझला, की थांबला नाही म्हणून, हे रुफिनाला कळेना. ती फोन लावत राहिली. बल्ब मात्र मुठीत गरमच होता.