वारा नव्हता

ती आली होती शिवणकामाच्या वर्गात नाव घालायला. खरं म्हणजे आईने पिटाळलं होतं. बिस्किटांची खोकी भरायच्या कारखान्यात तिच्या जागी यंत्र आलं आणि ती घरी बसली; वडिलांच्या रखवालदारीच्या पगारात महिना काही केल्या पुरेना. "सरकार फुकट शिकवतंय, वर नोकरीही लावून देतंय म्हणे, तर निदान सुईदोरा तरी हातात घे," असं आई उठता-बसता म्हणत होती. म्हणून त्या सकाळी ती प्रशिक्षण केंद्राचं फाटक ढकलून आत शिरली आणि वळसा वाचवायला सरळ मैदानातूनच निघाली... तोच कुणीतरी आडवं आलं आणि तिच्या नाकासमोर एक पिवळं हेल्मेट धरलं.

"हे काय?"

"आधी डोक्यावर घाला. भांडायचं असेल तर मग भांडू — डोकं जागेवर राहिलं तर."

उत्तरं तिच्या जिभेवर कायम तयार असत. आताही होतं एक झणझणीत. पण त्या तरुणाने नुसतं बोट वर केलं, तिने मान वर केली, आणि उत्तर तोंडातच राहिलं.

समोर आभाळातून एक भिंत चालली होती. अख्खी, कोरी करकरीत सिमेंटची भिंत, खिडकीच्या चौकोनासकट! ना आवाज, ना घाई... पाण्यावरून पान जावं तशी ती सरकत गेली. क्षणभर सूर्य झाकला गेला, तिच्या अंगावरून गार सावली गेली, आणि मैदानाच्या पार टोकाला ती भिंत अलगद जमिनीवर टेकली.

"कोण चालवतंय?" तिने विचारलं. झोपलेल्या बाळाजवळ बोलावं तसा तिचा आवाज खाली आला होता.

"वर माणूस आहे. मुंगीएवढा दिसतो, पण आहे."

"हे... बायकांना शिकवतात?"

त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. ती जेमतेम त्याच्या खांद्याला लागत होती. "उंचीची काळजी नको," तो अगदी गंभीरपणे म्हणाला, "ती क्रेनकडे भरपूर आहे."

शिवणाचा वर्ग डाव्या हाताला होता. ती उजवीकडे वळली. पुढे मैत्रिणींना ती सांगायची, की पहिल्या नजरेत प्रेम बसलं ते क्रेनवर. माणसाचा नंबर फार नंतर लागला.

घरी आईने कपाळाला हात लावला. "पोरगी आता आभाळात लटकणार! हिला पदरात घेणार कोण?" वडील मात्र हळूच म्हणाले, "वरून आपलं घर दिसतं का गं?"

केंद्राच्या फलकावर 'सर्वांना समान संधी' असं ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं, पण संधीचे बूट पुरुषांच्या मापापासून सुरू होत होते. तिच्या पायात ते होडीसारखे हलत. दुसऱ्याच दिवशी हेल्मेटवाल्याने एक गाठोडं आणून दिलं, शिवणाच्या वर्गातल्या चिंध्यांचं. "पुढे कोंबा. म्हणजे आईला सांगता येईल, शिवणाशी संबंध अगदीच तुटलेला नाही." ती हसली नाही. हसू नये म्हणून तिला बुटांकडे बराच वेळ बघावं लागलं, एवढंच.

वर्गाने तिचं नाव चिमणी ठेवलं. हेल्मेटवाला इशारेवाल्याचं काम शिकत होता. क्रेनचं काम एकट्याचं नसतं. वरचा फक्त चालवतो, ओझ्याजवळ उभं राहून कुठे न्यायचं, किती खाली सोडायचं ते खालचा सांगतो. मास्तरांनी या दोघांची जोडी लावली आणि वर्गात जो खोकला उठला, तो कुणाच्याही सर्दीमुळे नव्हता.

पहिल्यांदा ती वर चढली तेव्हा शिडी संपता संपेना. हात भरून आले. केबिनचं दार ओढून ती खुर्चीत बसली, आणि मग तिने काचेतून खाली पाहिलं... बाई गं! गच्च्यांवर वाळणारे कपडे, खेळण्यातल्यासारख्या बसगाड्या, लांबवर नदीचं चमकतं वळण. ज्या कारखान्याने तिला घरी बसवलं, त्याचं भलंमोठं छप्पर तिच्या एका तळहाताखाली झाकलं जात होतं. तिचे डोळे भरून आले. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

वॉकी-टॉकी खरखरला. "वरच्या बाई, पोचलात?"

"पोचले."

"कसं वाटतंय?"

"मोठं..."

"काय मोठं?"

"सगळंच," ती म्हणाली. आणि खालून उत्तर आलं, "मग रडून घ्या थोडं. मी मास्तरांना सांगतो, काच पुसताहेत म्हणून."

मास्तरांचा नियम एकच होता, आणि तो ते दुखरे गुडघे चोळत रोज सांगत. "खालचा बोलतोय तोवर ओझं हलेल. खालचा गप्प, की वरचा थांबला. का, कशासाठी, काही विचारायचं नाही!" म्हणून तो बोलत राही. "डावीकडे... डावीकडे... येऊ दे... खाली... खाली..." दिवसभर तो आवाज तिच्या कानाशी. एकदा ओझं दिसेना म्हणून ती घाईने म्हणाली, "अहो, कुठे आहात?" आणि सगळ्या वर्गाच्या वॉकी-टॉकीवर ते 'अहो' ऐकू गेलं. दोन दिवस पोरं एकमेकांना 'अहो'शिवाय हाक मारत नव्हती.

"तुम्हाला राग नाही आला?" चहाच्या सुट्टीत तिने विचारलं.

"राग कसला? मी बाजारात हमाली करायचो. तिथे हाक यायची ती 'ए' अशी." त्याने चहावर फुंकर घातली. "घरातही पाचांतला मधला. माझं बोलणं कुणी ऐकतं, हे मला इथे आल्यावर कळलं. मी 'खाली' म्हणतो, आणि खरंच... ते खाली येतं." तो हे इतक्या नवलाने म्हणाला, की तिला एकदम त्याच्या गालावर हात ठेवावासा वाटला. तिने कप घट्ट धरून ठेवला.

परीक्षेच्या दिवशी एका मोठ्या कंपनीचे साहेब आले. खाडीवर पूल बांधायचा होता, त्यासाठी ते माणसं निवडणार होते. कंपनी जोडीच उचलते अशी वर्गात बोलवा होती, आणि चिमणीने ती मनोमन खरी मानली होती. नोकरी लागली की वडिलांची रात्रपाळी सुटेल. आणि तो आवाज कानाशी राहील. दोन्ही एकदमच मिळणार, असं तिने धरून ठेवलं होतं.

पहिला भाग डोळ्यांदेखतचा होता, काठोकाठ भरलेलं पिंप खांबांमधून नागमोडी न्यायचं. पाणी हललं, पण सांडलं नाही. दुसरा भाग भिंतीआडचा. एक लोखंडी खांब भिंतीपलीकडे नेऊन जमिनीतून वर आलेल्या चार सळयांवर बसवायचा. खांबाच्या बुडाला चार भोकं, एक जरी चुकलं तरी नापास. तिला वरून यातलं काहीही दिसणार नव्हतं.

"डावीकडे... बोटभर... बस्स. आता खाली... खाली... खाली..."

आणि आवाज बंद झाला.

तिचा हात जागच्या जागी थांबला. खांब भिंतीआड कुठेतरी लटकत होता, सगळं मैदान श्वास रोखून उभं होतं. तिने शेजारच्या वारा मोजणाऱ्या काट्याकडे पाहिलं. काटा शून्यावर झोपला होता. ती काही बोलली नाही, काही विचारलं नाही. आपण एका माणसाच्या शब्दावर अशा लटकून बसलोय, आणि आपल्याला भीती मुळीच वाटत नाहीये, याचंच तिला नवल वाटत राहिलं.

"खाली," तो म्हणाला. आवाज घोगरा झाला होता. "खाली... खाली... बसला."

टाळ्या तिला वरपर्यंत ऐकू आल्या. ती उतरली तेव्हा मास्तर त्याला विचारत होते, "मध्येच गप्प का झालास रे?"

"वारा होता, मास्तर."

साहेब चिमणीशी हात मिळवून म्हणाले, "सोमवारी हजर व्हा. राहायची सोय आहे, तुमच्यासारख्या चार मुली आधीच आहेत तिथे. पगार तर मास्तरांनी सांगितलाच असेल."

"आणि हे?" तिने त्याच्याकडे बोट केलं.

"खालची माणसं आहेत आमच्याकडे. सध्या एकच जागा आहे, क्रेनवर."

"साहेब, भिंतीआडचं मला दिसतच नव्हतं. ते काम यांचं आहे."

"म्हणजे यांच्याशिवाय तुम्हाला जमणार नाही?"

घरची चूल, वडिलांचे तारवटलेले डोळे, काचेपलीकडचं ते अफाट आभाळ, सगळं तिला आठवलं. "जमेल," ती म्हणाली. "कुणाहीबरोबर जमेल. पण तुम्ही टाळ्या दोघांसाठी वाजवल्यात, म्हणून सांगितलं."

साहेबांनी मान डोलावली. निर्णय मात्र बदलला नाही.

तो भिंतीमागे जाऊन ओझं बांधायचे पट्टे गुंडाळत होता. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"वारा कुठे होता?"

तो पट्टे गुंडाळतच राहिला.

"माझ्या काट्यावर नव्हता. तू खोटं बोललास." 'तू' कधी आलं, ते तिलाही कळलं नाही.

"सकाळीच मास्तरांनी सांगितलं होतं," तो पट्ट्याशी चाळा करत म्हणाला, "एकच जागा आहे म्हणून. तुला सांगितलं असतं, तर तुझा हात थरथरला असता."

"मग तू का थांबलास?"

"खांब दोन बोटं वर होता. मनात आलं... हा बसला, की ही गेली. बसूच नये, असं वाटलं. एक अक्षर चुकवलं असतं ना, तरी पुरे होतं." त्याने मान वर केली. "पण खांब हलला नाही. एवढं धूड माझ्या एका शब्दासाठी आभाळात थांबून राहिलं. माझ्यासाठी कधी बससुद्धा थांबलेली नाही! आणि तू... तू ओरडलीही नाहीस. इतका विश्वास कुणी टाकला, की त्याचं वाईट करायला माणसाची जीभच वळत नाही गं."

 भिंती चालताना पाहिल्या होत्या तिने, शहर तळहाताखाली पाहिलं होतं. पण ज्याला आपल्याला जवळ ठेवायचं होतं त्यानेच, स्वतःच्या तोंडाने, एकेक बोट मोजत आपल्याला दूर जायची वाट करून दिली — एवढं मोठं काही तिने पाहिलं नव्हतं. तिला तो इतका आवडला, की छातीत दुखलं.

"मला तू हवा आहेस," ती सरळ म्हणाली. "मी नाही जात."

"वेडी आहेस का? तू वर असलीस, की मान दुखेपर्यंत बघत बसतो मी. तू खाली बसून राहिलीस, तर मी बघू कुठे?" तो हसला, पण डोळे हसत नव्हते. "पूल दोन्ही काठांनी बांधतात. पलीकडच्या काठाचं काम पुढच्या वर्षी सुरू होईल म्हणतात. तिथे माणसं लागतील. मी अर्ज करणार."

"आणि नाही घेतलं तर?"

"तर पूल पुरा झाला की चालत येईन."

ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे वाहू लागले. "हातमोजा काढ," ती म्हणाली.

त्याने काढला. इतके महिने त्याने तिच्याकडून टनांची ओझी हलवून घेतली होती, आणि त्याचा हात तिच्या हातात आज पहिल्यांदा येत होता. तो खरखरीत होता, गरम होता, आणि तिने तो घट्ट धरून ठेवला.

"सोमवारी जाते मी," ती म्हणाली. "तोवर हा हात माझ्याकडे राहू दे."