तिसरी-चौथीचे सर

राणीसावरगावच्या पुढं डांबरी रस्ता संपतो आणि माळ लागतो. त्या माळावर आमची शाळा. दोन खोल्या, मध्ये ओटा, ओट्याला लागून खिचडीची पत्र्याची शेड. समोर लिंबाचं झाड. त्याची सावली सरकेल तशी मधल्या सुट्टीत आमची पोरं सरकत राहतात. पूर्वेची खोली पहिली-दुसरीची, ती माझी. पश्चिमेची तिसरी-चौथीची, ती श्रीराम सरांची.

म्हणजे सरकारदरबारी. सर राहायचे गंगाखेडला आणि तिथं नवोदयचे खासगी क्लास चालवायचे. सरकारी मास्तराला ते चालत नाही, म्हणून पाटीवर नाव बायकोचं. शाळेत ते झेंड्याला यायचे आणि मग मनात आलं तर. चारही वर्ग मीच ओढायचे. इकडं बेरीज मांडायची, तिकडं पळत जाऊन कविता म्हणायची, तोवर इकडं कुणीतरी कुणाचा डबा सांडलेला असायचा.

माणूस मात्र गोड. भांडायला जावं तर हसून राग विरघळवून टाकायचा.

"उत्तराबाई, तुमी लय मनाला लावून घेता. पोरं काय, वाढतातच की."

"पोरं वाढतात सर. पाढे वाढत न्हाईत."

"व्वा! हे फळ्यावर लिवा," म्हणून गाडीला किक.

मग हजेरी मोबाइलवर आली. शाळेच्या आवारात उभं राहून मोबाइलला तोंड दाखवायचं. मोबाइल तोंड ओळखतो, जागा ओळखतो आणि हिरवी खूण करतो. मला वाटलं, आता सापडले. पण पहिल्याच सोमवारी श्रीराम सर टमटममध्ये बसून आले ते शेजारी स्वतःलाच बसवून.

क्लासच्या जाहिरातीसाठी त्यांनी स्वतःचा पुरुषभर उंचीचा कटआउट करून घेतला होता. सनबोर्डाच्या पातळ, ताठ तक्त्यावर चिकटवलेला फोटो, कडेकडेनं कापलेला. निळा शर्ट, उजवा हात वर, हातात बोटभर लांब पांढरा खडू आणि ओठांवर तेच हसू. तो त्यांनी फळ्याशेजारी उभा केला, एक मोबाइल खिचडी करणाऱ्या धुरपताबाईच्या हातात दिला आणि म्हणाले, "मावशी, रोज सकाळी ह्याच्या तोंडापुढं धरायचा. बास."

धुरपताबाईंनी धरला. हिरवी खूण आली.

"अगं बया!" त्यांनी पदर तोंडाला लावला. "हे सर बरे हायत. च्या मागत न्हाईत, खिचडीत खडा निगाला म्हणून बोंबलत न्हाईत."

मीही हसले. हसू आलं ते खरं आणि त्याच्या मागोमाग रागही आला तेही खरं. तक्रार करणं सोपं होतं. पण शेजारच्या वस्तीवरचा मास्तर असाच निलंबित झाला, त्याची जागा भरलीच नाही आणि वरच्या दोन वर्गांची पोरं शाळा सोडून कापूस वेचायला गेली. आमच्या तिसरी-चौथीचं तसं होऊ द्यायचं नव्हतं. म्हणून मी गप्प राहिले आणि दोन्ही खोल्यांमधून पळत राहिले.

पोरांनी पहिल्या दिवशी कटआउटला कोळशानं मिशा काढल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या त्यांनीच पुसल्या.

मला ते खटकायला हवं होतं. खटकलं नाही.

खटकलं ते वेगळंच. दिवाळीनंतर माळावर गारवा उतरला, तुरीला पिवळी फुलं आली आणि पलीकडची खोली शांत झाली. मास्तर नसलेला वर्ग शांत कधी नसतो. पाखरांचा थवा उतरल्यासारखा तो कलकलतो. मी माझ्या पोरांना अक्षरं गिरवायला लावून ओट्यावर आले तर आतून पाढा ऐकू आला. घोकलेला नाही, गायलेला. जात्यावर बायका गातात त्या चालीत, एक ओळ झाली की दळणाचा फेरा पुरा व्हावा तसा श्वास घेत.

सात एके सात, जात्याला लागे हात
सात दुणे चौदा, दारी चांदण्याची रात...

अंगावर गोड काटा आला. मी थेट शेडमध्ये गेले.

"मावशी, तुमी शिकवलं?"

धुरपताबाई तिखट भाजत होत्या. हात थांबला.

"चाल माझ्या आईची हाय बाई. तंतोतंत. पण म्या कवा शिकवलं? मला सातचा पाढा येतोय का?"

मधल्या सुट्टीत चौथीतल्या राजेश्रीला गाठलं. दोन वेण्या, बडबडीचा झरा.

"कुणी शिकवलं गं हे?"

"सरांनी."

"कोणत्या सरांनी?"

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी विचारलंय, कोणता सूर्य. "आपल्या."

मी वर्गात जाऊन पाहिलं. कटआउट फळ्याशेजारी उभा होता. हसत होता. फळ्यावर सातचा पाढा होता, अक्षर वळणदार, मोठ्या माणसाचं. मी जवळ गेले आणि माझी नजर त्याच्या हातावर पडली.

खडू आखूड झाला होता.

फोटोतला खडू. बोटभर होता, तो नखाएवढा उरला होता. मी अंगठ्यानं घासून पाहिलं. वर गुळगुळीत प्लास्टिकचा पापुद्रा, खाली छापलेला रंग. निळ्या शर्टाच्या बाहीवर, कोपरापर्यंत, पांढरी धूळ पसरलेली. मी ती पदरानं पुसली. पुसली जाईना. ती पापुद्र्याच्या आत होती.

मी हिशोब मानणारी बाई आहे. म्हटलं, उन्हानं रंग उडाला असेल. दोन दिवस तेच घोकलं. तिसऱ्या दिवशी त्याच्या हातात नवा कोरा खडू होता, बोटभर लांब.

त्यानंतर मी त्या खोलीत पाऊल टाकणं कमी केलं. खरं सांगायचं तर गरजही उरली नव्हती. माझी पहिली-दुसरी पहिल्यांदाच माझ्या वाट्याला पुरी आली. पलीकडून दिवसभर हसू ऐकू यायचं. पोरं अपूर्णांक भाकरीवर शिकली, नकाशात गोदावरी बोटानं वाहवत नेली. घरी जाऊन आयांना वाचून दाखवू लागली. वस्तीवरचे सटवाजी, शाळा समितीचे अध्यक्ष, एका सकाळी भुईमुगाच्या शेंगांचं गाठोडं घेऊन हजर.

"सर कुठंयत? त्यांना द्यायच्यात. लय सुधरले बगा सर! माझा नातू झोपेत बी भागाकार करायलाय."

"सर..." माझी जीभ अडखळली. "वर्गात हायत."

सटवाजी आत गेले. मी ओट्यावर उभी. आतून त्यांच्या बोलण्याचा आवाज आला, मग थोडी शांतता, मग ते खदखदून हसले. बाहेर आले तेव्हा हात मोकळे होते.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणले, शेंगा पोरायला वाटा, पण मोजून वाटायला लावा." ते मिशीत हसत गेले.

त्या दिवशी शेंगांवरून आख्ख्या शाळेची जत्रा झाली. टरफलं वाऱ्यावर उडत होती, धुरपताबाई शेडमध्ये गात होत्या.

ऊन उभं माथ्यावरी, अंगणात न्हाई कुणी
सावलीला पुसते मी, कुठं गेला तुझा धनी...

"ही ओवी कुठली मावशी?"

"आत्ता सुचली," त्या म्हणाल्या आणि स्वतःच चपापल्यासारख्या चुलीकडं वळल्या.

श्रीराम सरांचा फोन यायचा अधूनमधून. सुरुवातीला खुशीत असायचे. "बाई, सटवाजीचा फोन होता, माझा सत्कार करायचा म्हणतात! मी काय केलं?" मोठ्यानं हसायचे. पुढं पुढं आवाज बारीक होत गेला.

"घसा बसलाय का सर?"

"काय की. क्लासातली पोरं ऐकत न्हाईत. दुसऱ्या क्लासला जायलीत एकेक." मग म्हणाले, "बाई, एक इचारू? लोक माझ्याशी बोलताना माझ्याकडं न्हाई बगत. माझ्या मागं बगतात. काल सलूनमध्ये बसलो तर त्या पोरानं माझ्या शेजारच्या खुर्चीवर कापड झटकलं अन् निघून गेला."

"डॉक्टरला दाखवा."

"दाखवलं. त्यानं नाडी धरली अन् लय वेळ धरूनच बसला."

मला त्यांची दया आली. आणि लाज वाटते, पण थोडं बरंही वाटलं.

फेब्रुवारीत तालुक्यात पथकं फिरू लागली. गैरहजर मास्तर सापडला की जागेवर निलंबन. आमच्याकडं पथक न सांगता आलं. एक पांढरी गाडी, तिच्यातून उतरलेल्या निवेदिता मॅडम, तरण्या, चटपटीत, पायात बूट. मी एका हातानं त्यांना खुर्ची दिली आणि दुसऱ्या हातानं पदराआड श्रीराम सरांना फोन लावला. ते नेमके राणीसावरगावात, सत्काराच्या शालीचं विचारायला आलेले.

"आलोच," म्हणाले. फोनवर ते अक्षरशः कुजबुजल्यासारखे वाटले.

मॅडमनी माझा वर्ग पाहिला. पोरांनी वाचून दाखवलं. मग त्या म्हणाल्या, "आणि तिसरी-चौथी? सर आहेत ना?"

आता सगळं फुटणार होतं. कटआउट जप्त होणार, सर घरी बसणार, जागा रिकामी होणार आणि माझी राजेश्री कापसाच्या वावरात जाणार. मी तोंड उघडलं, पण मॅडम ओटा ओलांडून पलीकडं पोचल्या होत्या.

मी दारापर्यंत गेले. चौकटीच्या आत गेले नाही.

मला तिथून पोरं दिसत होती, सगळ्यांच्या माना वर, डोळे चमकत. मॅडम मागच्या बाकावर बसल्या. त्यांची नजर फळ्याकडं, मग हळूहळू खिडकीकडं, मग पुन्हा फळ्याकडं गेली. कुणी चालत असावं तशी. त्या हसल्या. त्यांनी मान डोलावली. एकदा तर पोरीसारखा हात वर केला आणि कुणीतरी परवानगी दिल्यावर उत्तर दिलं.

फळ्यावर खडू टेकल्याचा आवाज आला. टक. मग ओढल्याचा.

मी लिंबाखाली येऊन उभी राहिले. 

मॅडम बाहेर आल्या तेव्हा चेहरा उजळलेला. "बाई, काय सर आहेत तुमचे! मी वरती लिहून कळवणार आहे. अशी माणसं हवीत. ही शाळा बंद पडायची नाही, माझा शब्द."

तेवढ्यात मोटारसायकल आली.

श्रीराम सर उतरले. तोच निळा शर्ट, पण उन्हानं उडाल्यासारखा. चेहराही तसाच. त्यांनी हात जोडले.

"मॅडम, जरा उशीर झाला. दवाखान्यात गेलो होतो."

मॅडमनी त्यांच्याकडं पाहिलं, पण डोळे टिकेनात, बाजूला घसरत राहिले. "आपण... पालक का?"

"मी श्रीराम. तिसरी-चौथीचा शिक्षक."

मॅडम हसल्या. "मी आत्ता त्यांच्याच वर्गातून आले, दादा."

पोरं ओट्यावर जमली होती. श्रीराम सर त्यांच्याकडं वळले. "ए राजेश्री. सांग की गं, मी कोण?"

राजेश्रीनं खूप प्रयत्न करून त्यांच्याकडं पाहिलं. खरंच केला, तिच्या कपाळावर आठी पडली. मग ती माझ्या मागं सरकली.

"कोण बोलायलंय, बाई?"

धुरपताबाईंनी शेडचं दार आतून ओढून घेतलं.

मग ते माझ्याकडं वळले. ते हसू अजून ओठांवर होतं, काढता न येणारं. डोळे मात्र भरलेले.

"उत्तराबाई, तुमी सांगा. तुमी तर वळखता मला."

मी ओळखत होते. त्या सगळ्या आवारात मी एकटीच त्यांना नीट बघू शकत होते.

मॅडम माझ्या तोंडाकडं बघत होत्या. पोरंही. आणि पश्चिमेच्या खोलीत, दाराच्या आत, कुणीतरी खडू खाली ठेवून ऐकत होतं.

"सर वर्गात आहेत," मी म्हणाले.

श्रीराम सरांनी एकदा मान हलवली. जणू हजेरी झाली. त्यांनी गाडीला किक मारली, पुन्हा मारली. पायाखाली किक दबेचना. गाडी तशीच ठेवून ते चालू लागले. ओट्यावरून पोरांचा घोळका हसत वर्गाकडं परतला.

मी त्यांना बघत राहिले. माळाचा रस्ता सरळ जातो आणि सटवाजींच्या तुरीपाशी काटकोनात वळतो. तिथवर त्यांची पाठ मला स्वच्छ दिसत होती. वळणावर ते वळले.

आणि रस्त्यावर माणसाच्या जागी, कटआउट कडेनं दिसावा तशी, एक उभी बारीक रेघ राहिली. दुपारचा वारा आला, तशी ती रेघ मध्येच थोडी वाकली.